प्रियोरात: पाटीच्या दगडावरची वाइन

स्पेनच्या ईशान्येतलं फालसेत गाव सोडून टी-710 रस्त्याने ग्रातायोप्सकडे निघालं की थोड्याच वेळात जमिनीचा रंग बदलतो. रस्त्यासाठी डोंगर जिथे कापलाय तिथे दगडाचे थर वहीच्या पानांसारखे उघडे पडलेत. तेही आडवे नाहीत, तिरके, कुठेकुठे जवळजवळ उभे. शाळेची पाटी ज्या दगडाची असायची, त्याच जातीचा हा दगड. कॅटलान भाषेत त्याला ‘यिकोरेया’ म्हणतात, आणि प्रियोरातच्या वाइनबद्दल जे काही सांगायचं ते इथूनच सुरू करावं लागतं.

एक चिप हातात घेऊन बघा. नखाने थर सुटतो, उन्हात धरला तर अभ्रक चमकतं, बोटांना काळसर-तांबूस भुकटी लागते. वर माती अशी फारशी नाहीच, सेंद्रिय अंश नगण्य, आणि पडलेलं पाणी थांबत नाही. मग वेल जगते कशी? दगडाच्या फटींतून मुळं खोल जातात आणि तिथली ओल शोधतात. थर उभे असतील तर मुळाला वाट मिळते, आडवे असतील तर मूळ अडतं आणि उन्हाळ्यात वेल कोमेजते. त्यामुळे एकाच उतारावर वीस पावलांच्या अंतरात एक वेल जोमदार आणि दुसरी खुरटलेली दिसते. जुन्या वेलीवर कधीकधी किलोभरही द्राक्षं धरत नाहीत. नाशिककडच्या मांडवाखालचे लगडलेले घड बघायची सवय असेल, तर या गुडघाभर उंचीच्या, तारा-खांबांविना उभ्या असलेल्या झुडपांना द्राक्षबाग म्हणायला जरा वेळ लागतो.

हा भाग कॅटलोनियाच्या तारागोना प्रांतात आहे. उत्तरेला मोन्सान डोंगराची भिंत, मधून सिउराना नदी आणि तिला मिळणारे ओढे. सपाट जागा जवळपास नाही. बागा साधारण 100 ते 750 मीटर उंचीवर, सगळ्या मिळून सुमारे 2,000 हेक्टर. वारे दोन. वायव्येकडून येणारा ‘मेस्त्राल’ कोरडा असतो आणि पानं वाळवून रोग दूर ठेवतो. समुद्राकडून येणारी ‘गार्बिनादा’ दुपारची होरपळ कमी करते. कोणती बाग कोणत्या वाऱ्याच्या तोंडावर आहे, यावर तिथली तोडणी सप्टेंबरात होणार की ऑक्टोबर उजाडणार हे बरंचसं ठरतं.

उतारावर थेट लावलेल्या बागेला ‘कोस्तेर’ म्हणतात. काही ठिकाणी चढ 60 टक्क्यांपर्यंत जातो. ट्रॅक्टर उलटतो, म्हणून नांगरणी खेचराने किंवा हाताने. 1990 च्या दशकात अनेकांनी बुलडोझर लावून रुंद पायऱ्या कापल्या. यंत्र फिरायला सोयीचं झालं, पण दगडाचे मूळ थर विस्कटले, बांधांमध्ये जागा वाया गेली आणि जोराच्या पावसात कडा ढासळू लागल्या. आता नवी लागवड करताना बरेच जण पुन्हा कोस्तेरकडे वळलेत. खर्चिक काम आहे, पण माझ्या मते बरोबर आहे.

मुख्य जाती दोन, गर्नाचा आणि कारिन्येना. दोघींची दुखणी वेगळी. गर्नाचाला फुलोऱ्यात गारठा किंवा पाऊस लागला की फुलगळ होते आणि घड विरळ राहतो. साखर भराभर चढते, तोडणीला चार दिवस उशीर झाला तर अल्कोहोल 15.5 टक्क्यांच्या पुढे जातं आणि वाइन जड होते. शिवाय हवेशी संपर्क आला की तिचा रंग आणि वास लवकर उतरतो, त्यामुळे पिंपं भरलेली ठेवावी लागतात. कारिन्येना उशिरा पिकते, आंबटपणा टिकवून धरते, पण तिला भुरी पटकन लागते. भुरीवर गंधकाची धुरळणी हा उपाय, मात्र कडक उन्हात तेच गंधक पान आणि मणी भाजतं. 28 जून 2019 ला कॅटलोनियात पारा चाळिशीपार गेला, तेव्हा इथले कितीतरी घड वेलीवरच करपले. त्यानंतरच्या दुष्काळी वर्षांत तर जुन्या वेलीही मेल्या. दगड पाणी धरत नाही, याची दुसरी बाजू ही.

एस्कालादेईला थांबायलाच हवं. 1194 मध्ये कार्थुसियन साधूंनी मोन्सानच्या पायथ्याशी इथे मठ बांधला. त्यांच्या मठप्रमुखाचा, म्हणजे ‘प्रिओर’चा, अंमल असलेला मुलूख तो प्रियोरात. 1835 मध्ये सरकारने मठाच्या जमिनी काढून घेतल्या, शतकाच्या अखेरीस फिलोक्सेरा या मुळांवर जगणाऱ्या किडीने वेली संपवल्या, गावं रिकामी झाली. 1989 च्या हंगामात रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस आणि त्यांच्या साथीदारांनी ग्रातायोप्समध्ये एकत्र वाइन केली आणि पाच वेगवेगळ्या ‘क्लोस’ (म्हणजे कुंपणाची बाग) नावांनी विकली. प्रियोरातकडे जगाचं लक्ष गेलं ते तेव्हापासून.

मठाजवळच्या बागांत आणखी एक गोष्ट कळते: इथे सगळीकडे यिकोरेया नाही. पायथ्याला तांबडी चिकणमाती आणि चुनखडी आहे, आणि तिथला गर्नाचा फिका, सुगंधी, हलक्या चणीचा निघतो. पोरेरा त्यामानाने गार, त्याची ओळख कारिन्येनाची. बेलमुंत सखल आणि उष्ण. (तिथली शिशाची खाण 1972 मध्ये बंद झाली, आता आत उतरून बघता येते.) ‘प्रियोरात’ एवढं एकच नाव या सगळ्यांना पुरत नाही, आणि इथल्या वाइनच्या वर्गवारीचं मूळ या अडचणीत आहे.

स्पेनमध्ये सर्वोच्च दर्जा दोनच प्रदेशांना आहे, रिओहा आणि प्रियोरात. कॅटलान सरकारने प्रियोरातला तो 2000 मध्ये दिला, माद्रिदची मान्यता 2009 मध्ये आली. कॅटलानमध्ये त्याचं लघुरूप डीओक्यू, म्हणजे ‘दर्जाप्राप्त मूळस्थानाचं नाव’. रिओहाच्या लेबलवर आपण ‘क्रियान्सा’, ‘रेसेर्वा’ शोधतो, म्हणजे वाइन पिंपात आणि बाटलीत किती काळ मुरली ते. प्रियोरातमध्ये हे शब्द क्वचितच दिसतात. इथे विचारायचं ते जागेबद्दल.

सर्वांत खाली नुसतं ‘डीओक्यू प्रियोरात’: द्राक्षं प्रदेशात कुठलीही. त्यावर ‘व्ही दे व्हिला’, गावाची वाइन, अशी 12 क्षेत्रं. मग ‘व्ही दे पारात्जे’. पारात्जे म्हणजे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या नाव दिलेला शिवारातला तुकडा, आपल्याकडे ‘वडाचं शेत’ किंवा ‘खालची पट्टी’ म्हणतात तसा. असे 459 तुकडे नोंदवलेत. त्यावर ‘विन्या क्लासिफिकादा’ आणि शिखरावर ‘ग्रान विन्या क्लासिफिकादा’, म्हणजे एकेकटी बाग. जसजसं वर जावं तसतशी वेल जुनी हवी, वेलीमागे उत्पादन कमी हवं आणि गर्नाचा-कारिन्येनाचा वाटा मोठा हवा. ग्रातायोप्सची लेर्मिता आणि पोरेराची मास दे ला रोझा या शिखरावरच्या बागा, आणि त्यांच्या किमती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर.

पैसे जपून खर्चायचे असतील तर ‘व्ही दे व्हिला’ घ्या. ग्रातायोप्स, पोरेरा आणि एस्कालादेई अशा तीन गावांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या की फरक जिभेला सापडतो. आणखी स्वस्त हवी तर प्रियोरातला वेढा घालून असलेल्या मोन्सान प्रदेशाची पाहा. तिथेही काही बागा यिकोरेयावर आहेत. लेबल मात्र नीट वाचा, दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात.

बार्सेलोनाहून मार्सा-फालसेत स्थानकापर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडी लागतेच. वाइनरीची वेळ आधी लेखी ठरवा, छोट्या ठिकाणी दार सहसा ठोठावून उघडत नाही. दिवसाला दोनच घ्या, वळणं इतकी आहेत की नकाशावरचे आठ किलोमीटर वीस मिनिटं खातात. चाखून थुंकायची भांडी ठेवलेली असतात, गाडी चालवणाऱ्याने ती वापरायचीच.

बाटली घरी आणलीत तर आपल्या उन्हाळ्यात ती खोलीच्या तापमानाला पिऊ नका. तीस अंशांना फक्त अल्कोहोल नाकात जातं. फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून 16-17 अंशांवर आणा, तरुण असेल तर तासभर आधी रुंद भांड्यात ओतून ठेवा. अर्धी उरली तर बूच लावून परत फ्रिजमध्ये. कारिन्येना जास्त असलेली बाटली दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा अधिक मोकळी लागते.