वासोट्याची जंगलफेरी : सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

सोलापुरात उन्हाची सवय सगळ्यांनाच असते, पण चढाची आणि दाट झाडीची नसते. म्हणून साताऱ्याजवळच्या वासोटा किल्ल्याला जायचं ठरवलंत तर आदल्या रात्रीच बामणोली गाठा. रस्ता पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, सातारा आणि मग कास पठारावरून. साताऱ्यानंतर गाडीत तेल कमी ठेवू नका. मुक्कामाला बामणोलीत घरं आणि तंबू मिळतात.

सकाळची पहिली बोट धरायचीच. वनखात्याची परवानगी बामणोलीतच काढतात, ओळखपत्र जवळ असू द्या. बोट ठरलेल्या भाड्याची असते, त्यामुळे दहा-बारा जण असलात तर परवडतं. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून साधारण दीड तासानं गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरलं की पिशव्या तपासतात आणि प्लास्टिक मोजून घेतात. आम्ही कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा सुती फडक्यात बांधून नेला होता. तपासणीत काही अडलं नाही आणि दिवसभर पोट भरलेलं राहिलं.

हा भाग कोयना अभयारण्यात येतो, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. गवे आहेत, बिबटे आहेत, आणि अस्वलं आहेत. ओढ्याकाठच्या मारुती-गणपतीच्या मूर्ती मागे टाकून चढ सुरू झाला, तसं वाटेकडेला एक वारूळ दिसलं. एका बाजूनं हातभर खोल उकरलेलं, माती अजून ओलसर, कडेला नखांचे लांब ओरखडे. आमच्यासोबतचे वाटाडे मामा म्हणाले, "कालरातचं असंल." माझ्या भाच्यानं विचारलं, "मामा, आता काय करायचं?" "काही नाही. बोलत चला."

हा सल्ला मनावर घ्या. अस्वलाचं नाक तल्लख असतं, पण नजर कमजोर. वाळवी ओढून खाण्यात गुंग असताना माणूस एकदम समोर आला की ते दचकतं, आणि दचकूनच अंगावर येतं. म्हणून सगळे एकत्र, मध्यम आवाजात बोलत चाला. कानात गाणी नकोत. पोरांना पुढे पळू देऊ नका. पिल्लं पाठीवर घेतलेली मादी दिसली तर फोटोचा विचारही करू नका. सावकाश मागे सरका. पळू नका, झाडावरही चढू नका, ते तिथंही येतं. तिन्हीसांजेला ते बाहेर पडतं, तेव्हा आपण बोटीत असायला हवं.

चढ दोन-अडीच तासांचा, बहुतेक सावलीतला. वर जाता जाता नागेश्वराच्या गुहेतल्या देवळाकडे जाणारा फाटा लागतो. पहिल्यांदा येणाऱ्यांनी तो सोडावा, वेळ पुरत नाही. तुटका दरवाजा ओलांडला की छप्पर नसलेला मारुती. तिथून माथ्याला वळसा घालून फिरा: महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, मग कड्याकडची माची. समोर बाबूकडा असा वाकलेला आहे की पायाखालची जमीनच संपल्यासारखी वाटते. पलीकडचा डोंगर म्हणजे जुना वासोटा. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथं तोफा चढवून किल्ल्यावर मारा केला. ती चढण बघितल्यावर त्या तोफा वर ओढणाऱ्यांचे हाल कळतात. माथ्यावर अर्धा तास तरी काढाच, पण कड्याच्या टोकाशी सेल्फी नको.

खाल्लेलं काही टाकू नका, केळीचं सालसुद्धा नाही. माणसाच्या अन्नाचा वास अस्वलाला वाटेवर आणतो, आणि मग पुढच्या माणसाला ते भोगावं लागतं.

पाणी माणशी तीन लिटर, स्टीलच्या बाटलीत. ओढा उन्हाळ्याकडे आटतो. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. पाऊस संपल्यावर पहिले काही आठवडे जळवा असतात, पूर्ण पायजमा आणि लांब मोजे घाला. डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. मोबाईलला रेंज मिळेल असं धरू नका, म्हणून परतीची वेळ बोटवाल्याशी उतरतानाच पक्की करा आणि घरी बामणोलीहूनच फोन करून ठेवा.