त्यांना दिसत नाहीये का?

"आत्या, त्यांना दिसत नाहीये का?" भाचीने सोफ्यावरून ओरडून विचारलं.

टीव्हीवर 'हॅरी पॉटर अँड द गॉब्लेट ऑफ फायर' चालू होता. जादूच्या शाळांच्या स्पर्धेतून हॅरी त्याच्यासोबतचा स्पर्धक सेड्रिक याचा मृतदेह घेऊन मैदानात परतलाय आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतायत. बँडही जोरात. स्पर्धा संपली, विजेता आला, एवढंच त्यांना कळलंय. मग एक किंकाळी येते, बँड अडखळत थांबतो आणि सेड्रिकचे वडील गर्दीतून वाट काढत धावत येतात.

२००५ चा सिनेमा. मी कितीदा तरी पाहिलाय, पण लक्ष नेहमी हॅरीच्या रडण्याकडे. त्या टाळ्या आज पहिल्यांदा ऐकल्या.

मग पुढचं सगळंच खुपायला लागलं. स्पर्धेसाठी वयाची अट १७ ची, हॅरी १४ चा. त्याचं नाव स्पर्धेत कोणीतरी मुद्दाम घातलंय हे शिक्षकांनाही जाणवतंय. तरी उत्तर काय, तर नियम म्हणजे नियम, आता त्याला खेळावंच लागेल. दुसऱ्या फेरीत तर चार मुलांना तळ्याच्या तळाशी बांधून ठेवतात आणि वर गॅलरीत मोठी माणसं मजेत बसलेली! खलनायक व्होल्डेमॉर्ट शेवटी येतो हो. त्याच्याआधी हे सगळं बिनबोभाट चाललेलं असतं.

ब्रिटनमध्ये १२ए प्रमाणपत्र मिळालेला हा या मालिकेतला पहिला सिनेमा. म्हणजे बारापेक्षा लहान मुलांसोबत थिएटरात मोठं माणूस हवं. आमची भाची नऊची. मोठं माणूस होतं सोबत, पण तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

तुम्ही तुमच्या मुलांना हा भाग कितव्या वर्षी दाखवलात?