हायब्रिड गाडीचं पेट्रोल: किलोमीटरपेक्षा महिने मोजा

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीची इंधन यंत्रणा दुर्लक्षित राहते, कारण ती सहसा कुरकुरत नाही. साध्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला की सेल जास्त वेळ मारावा लागतो, चढावर पिकअप जातो, आणि चालवणाऱ्याला दोन दिवसांत कळतं. हायब्रिडमध्ये हे दोन्ही इशारे झाकले जातात. टोयोटाच्या पद्धतीत एमजी१ हा मोटर-जनरेटर आधी इंजिनाला साधारण १००० आरपीएमपर्यंत फिरवतो, मग इंधन आणि ठिणगी सुरू होते. त्यामुळे पेट्रोलचं प्रेशर कमी असलं तरी सेल लांबल्याचं जाणवत नाही. चढावर इंजिन कमी पडलं तर बॅटरी भर घालते. आपल्यापर्यंत पोचतो तो इंजिन सुरू होतानाचा एक हलका गचका आणि नेहमीपेक्षा लवकर उतरणारी बॅटरीची पातळी. इथे कानापेक्षा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) आणि पेट्रोलचं प्रेशर मोजणारं गेज कामाला येतात.

आधी फिल्टर कुठे असतो ते. बहुतेक नव्या पेट्रोल हायब्रिडमध्ये गाडीखाली वेगळा डबा शोधून उपयोग नाही. टाकीच्या आतच पंपाचं मॉड्यूल असतं: तळाला जाळी, वर पंप, त्याच्याभोवती कागदी फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि पेट्रोलची पातळी सांगणारा फ्लोट. जाळी ढोबळमानाने ३० ते ७० मायक्रॉनपर्यंतचे कण अडवते, मुख्य फिल्टर १० मायक्रॉनच्या आसपास. सर्व्हिसच्या तक्त्यात या फिल्टरचा बहुधा उल्लेखच नसतो. त्याचा अर्थ तो ‘आजीवन’ आहे असा लावला जातो, पण हे आयुष्य स्वच्छ आणि ताजं पेट्रोल गृहीत धरून ठरवलेलं असतं. आठ-दहा वर्षं किंवा लाखभर किलोमीटर झाले की प्रेशर तपासावं आणि निकाल पाहून बदलायचं की नाही ते ठरवावं. नुसत्या किलोमीटरवरून चांगलं मॉड्यूल काढून फेकण्यात अर्थ नाही.

प्लग-इन हायब्रिडमध्ये, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिडमध्ये, खरा शत्रू वेळ आहे. रोजचं अंतर बॅटरीवर निघत असेल तर एक टाकी सहा-आठ महिने पुरते. तेवढ्यात पेट्रोलमधले हलके घटक कमी होतात, उरलेल्याचं ऑक्सिडेशन होऊन चिकट थर तयार होतो, आणि तो इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत व पंपात बसतो. इथेनॉल असेल तर पाण्याचा प्रश्न वेगळा. ई१० (१० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल साध्या तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवू शकतं, म्हणजे ४० लिटरला जेमतेम २०० मिली. त्यापुढे इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी उतरतात, आणि पंपाची जाळी नेमकी तिथेच असते. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरलेलं असतं. अशी टाकी उपसण्याला पर्याय नाही. वरून बाटलीभर औषध ओतून हे दोन थर पुन्हा एक होत नाहीत.

कंपन्यांना हे ठाऊक आहे. शेवरोले व्होल्टमध्ये सुमारे सहा आठवडे इंजिन चाललं नाही तर ते चालवायला लावणारा मोड आहे, आणि टाकीतलं पेट्रोल साधारण वर्षभर जुनं झालं की ते जाळून टाकणारा दुसरा. मित्सुबिशी आउटलँडर पीएचईव्हीचं मॅन्युअल दर तीन महिन्यांत निदान १५ लिटर ताजं पेट्रोल भरायला सांगतं. प्रियसच्या प्लग-इन आवृत्तीसाठी सूचना १२ महिन्यांत २० लिटरची आहे. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असा आकडा असेल तर तो पाळावा; नसेल तर तीन ते चार महिन्यांत एकदा टाकी निम्म्याच्या खाली आणून भरावी.

टाकी किती भरलेली ठेवावी यावर उलटसुलट सल्ले मिळतात, कारण दोन वेगळ्या परिस्थिती एकत्र मिसळल्या जातात. गाडी रोज बॅटरीवर चालत असेल तर पाव ते तृतीयांश टाकी पुरे. थोडं पेट्रोल लवकर संपतं आणि ताजं येतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी पूर्ण भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घालावं आणि इंजिन १० मिनिटं चालवावं, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलला टिकवतं, जुन्याला पुन्हा नवं करत नाही.

प्लग-इन गाड्यांची टाकी बहुधा सीलबंद असते. इंजिन चालत नसल्याने पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमधली (डब्यातली) वाफ ओढली जात नाही, म्हणून ती टाकीतच दाबून ठेवतात. झाकणाचं बटण दाबल्यावर काही सेकंद थांबावं लागतं ते याच दाबामुळे. भरताना नोझल पहिल्यांदा बंद झालं की थांबावं. ‘अजून थोडं’ करत राहिलं की द्रव पेट्रोल कॅनिस्टरमध्ये जातं, कोळसा भिजतो, आणि पुढे पेट्रोल भरल्यानंतर इंजिन अडखळू लागतं.

आता तपासणी. इंजिन गरम करून स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा. शून्याच्या दोन्ही बाजूंना १० टक्क्यांपर्यंत चालतं. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम वर आणि जोर पडल्यावर ठीक असेल तर हवेची गळती शोधा. उलट आयडलला ठीक आणि जोर पडला की वर चढत असेल, तर इंधन कमी पडतंय: फिल्टर, जाळी किंवा पंप. हायब्रिडमध्ये अडचण ही की इंजिनावर पूर्ण जोर क्वचितच येतो. म्हणून ही चाचणी बॅटरी कमी असताना, लांब चढावर घ्यावी, आणि स्कॅनर दुसऱ्याने बघावा. स्कॅनरवरच्या बिघाडाच्या कोडमध्ये पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), पी००८७ म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) प्रेशर कमी. कोड येईपर्यंत वाट पाहिली तर मात्र बराच उशीर झालेला असतो.

गेज लावायचं तर इंजिन सतत चालू राहायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये त्यासाठी मेंटेनन्स मोड आहे. हँडब्रेक लावा, ब्रेक न दाबता पॉवर बटण दोनदा दाबून ‘ऑन’ करा, आणि मग ६० सेकंदांच्या आत: पी (पार्क) मध्ये अॅक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबा, एन (न्यूट्रल) मध्ये दोनदा, परत पी मध्ये दोनदा. त्यानंतर ब्रेक दाबून ‘रेडी’ (गाडी चालायला तयार) केलं की इंजिन चालूच राहतं. या मोडमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल बंद असतो, गाडी रस्त्यावर न्यायची नाही. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या आधीच फवारणाऱ्या) टोयोटा हायब्रिडमध्ये प्रेशर साधारण ३ ते ३.५ बार हवं, आणि बंद केल्यावर पाच मिनिटांनीही दीड बारच्या आसपास टिकायला हवं. लगेच पडलं तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा एखादा गळका इंजेक्टर. चालू असताना कमी आणि पंपाचा करंट वाढलेला असेल, तर पंप तुंबलेल्या फिल्टरवर जोर लावतोय असं समजा. करंटच नेहमीपेक्षा कमी असेल तर पंपाला पेट्रोलच मिळत नाही, जाळी पाहा.

मॉड्यूल बाहेर काढायचं ठरलं तर टाकी पावपेक्षा कमी असू द्या, जागा हवेशीर ठेवा, ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. आधी प्रेशर उतरवायचं: पंपाचा फ्यूज काढून मेंटेनन्स मोडमध्ये इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. यात कोड नोंदले जातील, नंतर पुसता येतात. मग गाडी बंद करून चावी गाडीपासून दूर न्या, कारण ‘रेडी’ अवस्थेतली हायब्रिड न विचारता इंजिन सुरू करते. १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत मागच्या सीटखालीच हाय व्होल्टेज बॅटरी असल्याने वरून झाकणापर्यंत पोचताच येत नाही आणि टाकी उतरवावी लागते. नारिंगी (हाय व्होल्टेज) केबल हलवायची वेळ आली तर ते काम प्रशिक्षित माणसाचं: मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढणं, इन्सुलेटेड हातमोजे, कपॅसिटरमधला चार्ज उतरायला किमान १० मिनिटं, आणि मीटरने शून्य व्होल्टची खात्री.

झाकणाभोवतीची धूळ व्हॅक्युमने काढल्याशिवाय रिंग उघडू नका, नाहीतर नवा फिल्टर पहिल्याच दिवशी मातीत बसतो. क्विक कनेक्टर आधी थोडा आत ढकला, खटके दाबा, मग ओढा; स्क्रू ड्रायव्हरने उचकटला की प्लॅस्टिक तडकतं. लॉक रिंगसाठी तिचं टूल वापरा, लोखंडी छिन्नी नाही. मॉड्यूल तिरकं करून काढा म्हणजे फ्लोटची दांडी वाकत नाही. जुन्या फिल्टरच्या आत येणाऱ्या बाजूचं पेट्रोल पांढऱ्या भांड्यात ओतून पाहा: तपकिरी पूड म्हणजे गंज, दुधी रंग म्हणजे पाणी, काळी भुकटी म्हणजे झिजलेला रबरी पाइप किंवा पंपाचे ब्रश. दोष टाकीत असेल तर नुसता फिल्टर बदलून तो पुन्हा तुंबेल. गॅस्केट आणि ओ-रिंग नवीनच, बसवण्यापूर्वी पेट्रोलचा हात फिरवून. अनेक हायब्रिडमध्ये ‘ऑन’ केल्याने पंप चालत नाही, म्हणून स्कॅनरच्या अॅक्टिव्ह टेस्टने (स्कॅनरवरून थेट हुकूम देऊन) पंप चालवा आणि इंजिन सुरू करण्याआधी गळती तपासा.

डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पद्धत, असेल तर गोष्ट नाजूक. तिथे रेलमध्ये १५० ते २००, काही नव्या इंजिनांत ३५० बारपर्यंत दाब असतो, आणि हाय प्रेशर पंपाच्या प्लंजरची फट अवघी काही मायक्रॉनची. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ आधी हाच पंप खाते. स्कॅनरवर दाब उतरलेला दिसल्याशिवाय पाइप सोडायचाच नाही. पीईए (पॉलिइथर अमाइन, साचलेला थर विरघळवणारं रसायन) असलेलं क्लीनर ५ ते १० हजार किलोमीटरला एकदा, बाटलीवरच्या मात्रेत, इंजेक्टरसाठी उपयोगी आहे. इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन मात्र त्याने निघत नाही, कारण तिथून पेट्रोल जातच नाही.

डिपस्टिककडेही लक्ष द्या. दोन-तीन मिनिटं थंडच चालून बंद होणाऱ्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल लगेच बदला, किलोमीटर कितीही कमी असोत. महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम करून २० ते ३० मिनिटं चालवलं की हे बरंच टळतं.

पेट्रोल संपलं आणि गाडी बॅटरीवर पुढे सरकतेय म्हणून ती रेटत नेऊ नका. एमजी१ पुन्हा पुन्हा इंजिन फिरवत राहतो, मोठी बॅटरी तळाला जाते आणि मग गाडी ‘रेडी’ होतच नाही. १२ व्होल्टला केबल जोडून ती मोठी बॅटरी भरत नाही. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये अशा वेळी पी३१९० किंवा पी३१९१ सोबत पी३१९३ नोंदला जातो. निदान ८-१० लिटर भरा, उतारावर उभी असेल तर जास्त, मग कोड पुसून ‘रेडी’ करा. पहिल्या प्रयत्नात इंजिन अडखळलं तर गाडी बंद करून पुन्हा प्रयत्न करा.