हानलेची विरळ हवा आणि त्याहून विरळ ब्लॅक होल

लडाखमध्ये न्योमा गाव सोडलं की हानलेपर्यंत माणूस फारसा दिसतच नाही, दिसतात ती कियांग, म्हणजे तिकडची रानगाढवं, आणि मग एकदम डोंगरावर वेधशाळेचा घुमट. उंची 4500 मीटर, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. इथली 2 मीटरची दुर्बीण चंद्रशेखरांच्या नावाची आहे, तेच ते खगोलशास्त्रज्ञ, श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, सूर्याच्या साधारण 1.4 पट वजनापर्यंतच तग धरतो, त्यापुढे कोसळतो, हे सांगणारे. मग ब्लॅक होलच्या गप्पा निघणारच ना!

रात्री गावातल्या एका ताईंनी अंगणात दुर्बीण लावली, लाल टॉर्चच्या उजेडात. आधी कन्या राशीतली एम87 दीर्घिका दाखवली, एक धूसर ठिपका, पण 2019 मध्ये ज्याचा फोटो आला ते ब्लॅक होल त्याच्याच पोटात आहे, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचं!

भाची बरोबर होती, तिला विचारलं, लाडू दुप्पट रुंद करायचा तर बुंदी किती घालशील? म्हणाली आठपट. बरोबर, पण ब्लॅक होलला दुप्पट वजन पुरतं, वजन दुप्पट की रुंदी दुप्पट. "म्हणजे मावशी, जितकं खाईल तितकी कंबर वाढणार? बिचारं!" ताई पण हसायला लागल्या.

हिशोब भारी आहे बघा. सूर्य दाबून ब्लॅक होल केला तर त्रिज्या फक्त 3 किलोमीटर, पृथ्वी 9 मिलिमीटर. एम87 वालं मात्र प्लूटोच्या कक्षेहूनही मोठं. रुंदी वजनाच्या प्रमाणात वाढते पण आकारमान रुंदीच्या घनात, त्यामुळे जितकं जड तितकं सरासरीने विरळ, आणि एम87 वाल्याची सरासरी घनता काढली तर घनमीटरला अर्ध्या किलोच्या आतच येते, म्हणजे ज्या हवेत आम्ही धापा टाकत होतो तिच्याहूनही कमी! मला तर हे ऐकून नाचावंसं वाटतं, फक्त तिथे दम पुरत नाही.

मध्यरात्री आकाशगंगा अशी काही वर आली की बोलणंच थांबलं. विंचवाच्या नांगीच्या डावीकडे, धनु राशीत, आपल्या आकाशगंगेचं केंद्र. तिथलं ब्लॅक होल 43 लाख सूर्यांचं, तरी बुधाच्या कक्षेत आरामात मावेल.

जायचं तर जूनमध्ये अमावस्येच्या आसपास जा, लेहला आधी दोन-तीन दिवस नीट आराम करा, आणि एम87 संध्याकाळीच बघून घ्या, कन्या रास मध्यरात्रीच्या सुमारास मावळायला लागते.