नाव कमी करणे

आज बँकेतून नवं पासबुक मिळालं. जुन्यावर दोन नावं होती, एकाखाली एक, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘ई ऑर एस’. नव्यावर एकच ओळ आहे. खिडकीतल्या मुलीने काही वावगं केलं नाही. नीट बोलली, बसा म्हणाली, पाणी हवं का विचारलं. फक्त अर्ज पुढे सरकवताना म्हणाली, “नाव कमी करायचंय ना, मॅडम?” मी हो म्हटलं.

तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाही. गेले पाच महिने तो सगळीकडे भेटतोय. रेशनकार्डातून नाव कमी करणे. मतदार यादीतून नाव कमी करणे, त्यासाठी फॉर्म ७. खात्यातून नाव कमी करणे. इतक्या अर्जांवर हा शब्द लिहिला, आज पहिल्यांदा कोणी तोंडाने उच्चारला म्हणून लागला असेल. कमी तर झालंच आहे. त्यावर माझी सही कशाला?

‘ई ऑर एस’ म्हणजे आयदर ऑर सर्व्हायव्हर. दोघांपैकी कोणीही, नाहीतर मागे राहील तो. इतकी वर्षं ते पासबुक माझ्या पर्समध्ये होतं आणि ते तीन शब्द मी कधी वाचले नाहीत. फॉर्मवरच्या त्या चौकोनात खूण ह्यांनीच केली होती. त्या एका खुणेमुळे आज काम अर्ध्या तासात झालं. मृत्यू दाखला मूळ दाखवला, झेरॉक्स दिली, माझं पॅन, आधार आणि अर्ज. बस. खात्याला असं दुसरं नाव किंवा नॉमिनी असेल तर बँकेने वारसा प्रमाणपत्र, हमीपत्र, जामीनदार यातलं काहीही मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २००५ पासून आहे. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत पैसे द्यायचे, हेही त्यातच आहे. तरी मागतात. अशा वेळी ‘तुम्ही हे मागताय तेवढं लेखी द्या’ म्हणावं. लेखी द्यायची वेळ आली की कागद आपोआप कमी होतात.

पगाराचं जुनं खातं मात्र ह्यांच्या एकट्याच्या नावावर, नॉमिनीची जागा कोरी. पंधरा हजार रुपये. त्या पंधरा हजारांसाठी चार चकरा झाल्या. नॉमिनी नसला तरी रक्कम ठरावीक मर्यादेत असेल तर कोर्टात जावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांत ही मर्यादा व्यापारी बँकांना १५ लाख आणि सहकारी बँकांना ५ लाख अशी ठरली. पण हमीपत्र लागतं आणि बाकीच्या वारसांची ना हरकत लागते. हमीपत्राला स्टॅम्प पेपर ५०० चा. १०० चा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून.

बाकीचे वारस म्हणजे मुलगी ऋचा आणि ह्यांच्या आई. हिंदू उत्तराधिकार कायद्यात, १९५६ च्या, बायको, मुलगे, मुली आणि आई हे सगळे पहिल्या वर्गात येतात. वडील येत नाहीत, आई येते. सगळ्यांचा हिस्सा सारखा. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि मग कागद परत येतो, कारण यादीत सासूचं नावच लिहिलेलं नसतं. आईंनी सही केली त्या दिवसाबद्दल मला आज लिहायचं नाही.

लग्नात उखाणा घेतला तेवढ्यापुरतं मी ह्यांचं नाव घेतलं होतं. त्यानंतर घरात कधी नावाने हाक मारली नाही, तशी सवयच नव्हती. आता दिवसातून चार-चार वेळा घेते, काचेपलीकडच्या अनोळखी माणसाला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, स्पेलिंग सांगून. सव्वीस वर्षांत घेतलं नसेल इतक्यांदा ते पाच महिन्यांत तोंडी आलं, आणि ते कशासाठी, तर कमी करायला. आज घरी येताना स्टेशनवरून गाडी सोडली आणि बाकावर बसून राहिले. माझ्याच वाट्याला का, असं खूप वेळ मनात येत होतं. लिहितानाही येतंय.

स्पेलिंगवरून आठवलं. कागद परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. स्मशानात किंवा हॉस्पिटलात जो कोणी नातेवाईक घाईत फॉर्म भरतो, त्याने लिहिलेलं नाव दाखल्यावर उतरतं. दाखला हातात आला की आधी आधार आणि पॅनशी अक्षर न् अक्षर ताडून बघावं, प्रती नंतर काढाव्यात. चूक असेल तर दुरुस्ती जिथे नोंद झाली तिथेच होते, आणि नोंद मृत्यू जिथे झाला त्या हद्दीत असते, राहत्या घराच्या वॉर्डात असेलच असं नाही. नोंद २१ दिवसांत झालेली बरी, पुढे विलंब शुल्क आणि परवानग्या सुरू होतात. मी दहा प्रती काढल्या, पुरल्या. बहुतेक ठिकाणी मूळ नुसता बघतात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने विम्याच्या एका खटल्यात १९८४ मध्येच सांगितलं होतं, शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. नॉमिनी पैसे हातात घेतो, हक्क वारसांचा. विम्यात २०१५ पासून नवरा, बायको, मुलं, आईवडील नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, एवढा फरक. पीएफचं आणखी वेगळं. लग्नाआधी भावाचं नाव लिहिलेलं असेल तर लग्नानंतर ते नामांकन रद्दच होतं, नवीन करावं लागतं. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफला फॉर्म २०, पेन्शनला १०-डी आणि विम्याला ५-आयएफ. हा शेवटचा बरेच जण भरत नाहीत. हा ईडीएलआय, म्हणजे पीएफबरोबरचा विमा. त्याचा हप्ता पूर्ण कंपनीच भरते, पगाराच्या स्लिपवर कपात दिसत नाही, म्हणून घरात कोणाला ठाऊक नसतं. रक्कम ७ लाखांपर्यंत जाते. ह्यांच्या ऑफिसने आपणहून सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, हो, आहे की.

असंच जुनं पासबुक. मागच्या दोन वर्षांच्या नोंदी ओळ न् ओळ वाचाव्यात. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये वजा दिसले तर ती जीवन ज्योती विमा योजना, २ लाखांची, ५५ वर्षांपर्यंत संरक्षण. ह्यांच्या पासबुकात ती ओळ होती, आणि तिच्याशेजारी पेन्सिलीने छोटी बरोबरची खूण. बँकेतून आल्यावर चष्मा कपाळावर चढवून अशा खुणा करत बसायचे. त्या खुणा बघत बघत मी सगळं शोधून काढलं. एलआयसीचा हप्ता, एसआयपी, सोसायटीचा मेंटेनन्स. मला कोणी काही समजावून सांगितलं नव्हतं असं मी सगळ्यांना सांगत होते. ते खरं नाही. पेन्सिलीने सांगून ठेवलं होतं.

मुदत ठेवींचं काम बाकी आहे. पहिलं नाव ह्यांचं, म्हणजे टीडीएस ह्यांच्या पॅनवर कापला जाणार. नाव बदललं नाही तर व्याज माझं आणि कापलेला कर ह्यांच्या खाती, पुढच्या वर्षी गुंता. १ एप्रिलपासून त्या तारखेपर्यंतचं रिटर्न ह्यांच्या नावाने मलाच भरायचंय, त्यासाठी पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी. पॅन त्यानंतर परत करायचं, आधी नाही. मोबाइल नंबरही एवढ्यात बंद करायचा नाही. हप्त्यांचे, लाभांशाचे मेसेज त्यावरच येतात, आणि त्यातून एखादं विसरलेलं खातं सापडतं.

म्हणजे सगळं संपल्यावर पॅन. सगळ्यात शेवटी तेही कमी.

मघाशी नवं पासबुक पुन्हा उघडून बसले. एकच ओळ आहे, पण त्या ओळीत तीन शब्द आहेत. माझं नाव, मग ह्यांचं, मग आडनाव. मुलीने स्वच्छ, पूर्ण छापलंय, आद्याक्षरावर भागवलेलं नाही. नमुना सहीच्या कार्डावरही ‘पूर्ण नावाने करा’ म्हणाली होती, तेव्हा मी घाईत केली. मधलं नाव लिहिताना हात थांबला होता, ते आता लक्षात येतंय. ते कमी करायचा अर्ज कोणी दिलेला नाही.

विजेचं बिल अजून ह्यांच्या नावाने येतं. ते राहू दे काही दिवस.

शुक्रवारी सोसायटीच्या ऑफिसात जायचंय. नॉमिनेशनची पोच फायलीत सापडली आहे, म्हणजे आधी तात्पुरतं सभासदत्व मिळेल, जागेच्या हक्काचं वारसांनी ठरवायचं. हक्कसोडपत्र केलं तर रजिस्टर करावं लागेल. शेअर सर्टिफिकेट मूळ, मृत्यू दाखल्याची एक प्रत, ऋचाचं आणि आईंचं आधार. आईंना अकराच्या आत न्यायला हवं, नंतर ऊन होतं.