ड्रोन कधी पडला नाही, तरी बॉडीला तडा गेला

ड्रोन पुसताना मोटरखालच्या स्क्रूपाशी केसाएवढी रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून नख फिरवलं, तर ते अडकलं. बॉडी उघडून आतून टॉर्च लावला आणि रेघ उजळली. तडा आरपार गेलेला. ड्रोन कधी पडला नव्हता, कुठे आपटलाही नव्हता. तडा का गेला हे कळेपर्यंत तो चिकटवायचा नाही, असं ठरवलं.

मोटर ज्यावर बसते त्या ड्रोनच्या प्लास्टिकच्या हातातून स्क्रू मोटरच्या धातूच्या तळात जातात. स्क्रूचं डोकं प्लास्टिक दाबून धरतं, आणि हा ताण ड्रोन कपाटात पडून असतानाही सुटत नाही. वर मोटरची थरथर असतेच. भोकाच्या कडेला किंवा आतल्या काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि चीर तिथूनच निघते. खाली निमुळत्या होत जाणाऱ्या डोक्याचा स्क्रू असेल तर विचारूच नका, तो पाचरीसारखं भोक फाकवतो.

दुसरा शत्रू थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावायचं चिकट द्रव. धातूत ते घट्ट बसतं, पण बाहेर ओघळून एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट अशा प्लास्टिकवर ओलं राहिलं, तर ताणाखालचं प्लास्टिक तडकवतं. माझ्या स्क्रूंच्या आट्यांवर ते होतंच. ते साफ केलं आणि पुन्हा लावलं नाही. त्याऐवजी आट्यांवर नायलॉनचा पट्टा असलेले, सपाट बुडाच्या डोक्याचे स्क्रू घेतले.

स्क्रू काढल्यावर चीर बरीचशी मिटली. तिच्या टोकाला 1 मिमीचं भोक पाडलं, म्हणजे टोकदार शेवट गोल होतो आणि चीर पुढे सरकायला कचरते. टोक नेमकं सापडायला हवं, नाहीतर भोक वाया जातं. इथे टॉर्चच कामी आला. मग आतून इपॉक्सी लावून पातळ पट्टी बसवली.

डोक्याखाली रुंद वॉशर घातले, म्हणजे दाब पसरतो. वॉशरच्या जाडीमुळे स्क्रूची लांबी मात्र पुन्हा मोजावीच लागते. आखूड स्क्रूची पकड कमी पडते, आणि लांब स्क्रू मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांना टेकला की मोटर जळू शकते. कसताना स्क्रूड्रायव्हर फक्त बोटांत धरला, समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले, आणि डोकं टेकून जेमतेम पकड आल्यावर थांबलो.

पंख्यांचा तोल तपासला. जड निघालेल्या पात्याच्या समोरच्या हलक्या पात्याला टेपचा तुकडा लावला, तेवढ्याने थरथर स्पष्ट कमी झाली. बाकीच्या हातांना तडे नव्हते, तरी तिथेही वॉशर घातले.