तुम्ही विचारलंत म्हणून : यान आहे, पण हिशेब कुठे आहे?

नाशिकमधल्या एखाद्या महाविद्यालयात किंवा वाचनालयात विज्ञानकथेवर बोलायला मला बोलावतात, आणि आभारप्रदर्शन सुरू होण्याच्या बेतात असतानाच मागच्या रांगेतून हात वर होतो : "मॅडम, 'स्टार वॉर्स' ही विज्ञानकथा की फँटसी?" विचारणारा बहुधा अकरावी-बारावीचा मुलगा असतो. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेली बाई आता नाक मुरडणार, अशी त्याची खात्री असते. मी नाक मुरडत नाही (शूर्पणखेच्या गावात नाकाचा विषय जपूनच काढावा). माझ्या मते ती अद्भुतकथा आहे, आणि उत्तम अद्भुतकथा आहे. मात्र तसे म्हणण्याचे जे कारण लोक सहसा देतात, ते मला पटत नाही.

लोक देतात ते कारण म्हणजे अवकाशातल्या लढायांच्या या चित्रपटांतल्या चुकांची यादी. अशाच एका कार्यक्रमात, ओझरच्या कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई विमानांवर काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, "बाई, ती याने वळताना कलतात कशाला?" प्रश्न अगदी नेमका होता. आपल्या डोक्यावरून जाणारे सुखोई वळताना एका अंगावर कलते, कारण पंखांवरचे हवेचे बल तिरके केल्याशिवाय त्याला वळताच येत नाही. अवकाशात हवा नाही, त्यामुळे पंखांना काम नाही आणि कलण्याला कारण नाही. तरीही ती याने विमानांसारखी कलतात, कारण 'स्टार वॉर्स'चे कर्ते जॉर्ज ल्यूकस यांनी त्या लढाया रचताना दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई चकमकींची चित्रफीत नमुना म्हणून समोर ठेवली होती. निर्वात पोकळीतून ध्वनी जात नसतानाही स्फोटांचे आवाज कानठळ्या बसवतात. पार्सेक हे अंतराचे एकक, सुमारे 3.26 प्रकाशवर्षांचे; पण 1977 सालच्या पहिल्या चित्रपटातला वैमानिक आपले यान किती वेगवान आहे हे सांगताना ते वेळेच्या थाटात वापरतो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला अशा चुका काढण्यात जो आनंद होतो, तो मलाही होतो. परंतु चुकांवरून जात ठरत नाही. विज्ञान चुकलेली विज्ञानकथा ही वाईट विज्ञानकथा असते, तेवढ्याने ती परीकथा होत नाही. आणि समजा त्या चित्रपटातले प्रत्येक यान न कलता, न आवाज करता वळले असते, तरीही माझे उत्तर बदलले नसते.

मग उत्तर कशावरून ठरते, हे सांगण्यासाठी मला अवकाशातून थेट देव्हाऱ्यात यावे लागते. डॉ. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. कागदाची एक लांब पट्टी घेऊन तिला अर्धा पीळ द्यावा आणि टोके चिकटवावीत. या मोबियस पट्टीवरून डाव्या पंजाची सपाट आकृती सरकवत पूर्ण फेरी मारली, तर ती परत येते तेव्हा उजव्या पंजाची झालेली असते. आपल्या त्रिमितीय अवकाशालाही असा पीळ देता आला तर काय होईल, एवढीच या कथेची कल्पना आहे, आणि तिच्यातून उजव्या हाताने गोलंदाजी करणारा खेळाडू डावखुरा होतो, तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा. यान नाही, परग्रह नाही, किरणांची बंदूक नाही. तरीही ती अस्सल विज्ञानकथा आहे, कारण एकदा ती एक गोष्ट मान्य केली की पुढचे सगळे त्या मान्यतेच्या हिशेबाने चालते. वर्गात या कथेवर बोलणे झाले तेव्हा एका मुलीने विचारले होते की, आरशातल्यासारखा उलटा झालेला तो माणूस आपले जेवण पचवू शकेल का. कारण प्रथिने आणि साखरेचे रेणूही डावे-उजवे असतात आणि आपल्या शरीरातील विकरे त्यांतली एकच बाजू ओळखतात. लेखकाने थांबवलेला हिशेब वाचकाला पुढे चालवता येतो, यालाच मी विज्ञानकथेची खूण मानते.

नारळीकरांचा उल्लेख नाशिकमध्ये करताना थोडी हुरहुर वाटतेच. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या गावी झालेल्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने, आपली आद्याक्षरे उलटी करून, 'कृष्णविवर' ही कथा पाठवणारा लेखक त्या मांडवात प्रत्यक्ष दिसला असता, तर हा प्रश्न मी त्यांच्याकडेच सोपवला असता.

आता हाच हिशेब 'स्टार वॉर्स'कडे मागून पाहू. तिथला मूळ आधार म्हणजे 'फोर्स', विश्वातल्या सर्व सजीवांना बांधून ठेवणारी एक शक्ती. ती साधनेने वश होते, क्रोधाने भ्रष्ट होते, गुरूकडून शिष्याकडे जाते आणि मृत गुरूचा आवाज ऐकवते. ती किती अंतरापर्यंत पोहोचते आणि ती वापरल्यावर ऊर्जा कुठून खर्च होते, हे कोणी विचारत नाही, आणि कथेलाही ते सांगण्याची गरज भासत नाही; कारण या शक्तीचे नियम नीतीचे आहेत, निसर्गाचे नाहीत. 1999 सालच्या चित्रपटात रक्तातले सूक्ष्मजीव मोजून ही शक्ती कोणात किती आहे ते सांगण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा चाहतेच नाराज झाले. विज्ञानकथेला स्पष्टीकरण दिले तर ती बळकट व्हायला हवी; इथे ते दिल्याबरोबर कथा उणी झाली. ती कोणत्या जातीची आहे, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही. शिवाय कथेची सुरुवातच "फार फार वर्षांपूर्वी, दूरच्या एका दीर्घिकेत" अशा अर्थाच्या शब्दांनी होते, म्हणजे आपल्या कहाण्यांतल्या आटपाट नगरासारखीच. सेनापती, राजकन्या आणि दोन कुरबुऱ्या शेतकरी यांची अकिरा कुरोसावा यांनी 1958 साली सांगितलेली जपानी गोष्ट ल्यूकस यांनी आधारासाठी घेतली, तेव्हा त्या गोष्टीत यान नव्हते आणि त्यावाचून तिचे काही अडलेही नव्हते.

यावर एखादा हुशार मुलगा हरकत घेतो, आणि ती घ्यायलाच हवी : प्रकाशापेक्षा वेगाने जाणारी याने तर गंभीर विज्ञानकथांतही असतात, मग त्या कशा सुटतात? पहिला 'स्टार वॉर्स' पडद्यावर आला त्याच वर्षी, 1977 मध्ये, व्हॉयेजर 1 हे यान खरोखरच अवकाशात गेले. सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने ते अजून जात आहे. याच वेगाने सूर्याला सर्वांत जवळच्या ताऱ्याचे 4.24 प्रकाशवर्षांचे अंतर कापायचे तर जवळपास 75 हजार वर्षे लागतील. एवढ्या वाटेवर कथा चालवायची तर लेखकाने काही तरी उधार घेणे भाग आहे. उधार घ्यायला माझी हरकत नाही, ती फेडली जाते का, एवढेच मी पाहते. प्रकाशाच्या वेगाजवळ जाऊन परतलेला प्रवासी घरच्यांपेक्षा तरुण राहतो, त्याने पाठवलेला निरोप उशिरा पोहोचतो; ही किंमत पात्रांना मोजायला लावणारी कथा आपल्या उधारीशी प्रामाणिक असते. 'स्टार वॉर्स'मधले लोक मात्र आपण पंचवटीहून नाशिकरोडला जावे तसे दीर्घिकेच्या या टोकाहून त्या टोकाला जातात, आणि कोणाच्या वयात एका दिवसाचाही फरक पडत नाही.

तंत्राच्या झगमगाटामुळे गोंधळ होतो हे खरे, पण नाशिककरांचा तो होऊ नये. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप एकेक चौकट टिपत वाढताना दाखवले होते, आणि पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये त्याच कलेने मारुतीला उडवले. हात तोच, कॅमेऱ्याची करामतही तीच. पण वाटाणा निसर्गाच्या नियमाने वाढत होता आणि मारुती भक्तीच्या बळावर उडत होता. कॅमेऱ्याने त्यांच्यातला फरक पुसला नाही. अवकाशयानही मला त्या कॅमेऱ्यासारखेच वाटते, कथेला नेण्या-आणण्याचे साधन.

एवढे बोलून झाले की दुसरा हात वर होतो, आणि पंचवटीच्या जवळ तो होणारच : "मग पुष्पक विमान?" विचारणाऱ्याच्या मनात असते की, पुष्पक हे प्राचीन विज्ञान होते असे मी म्हणावे, किंवा ते थोतांड होते असे तरी म्हणावे. मी दोन्ही म्हणत नाही. कुबेराचे, रावणाने बळकावलेले, रामाने अयोध्येला पोहोचल्यावर कुबेराकडे परत पाठवलेले ते विमान इच्छेनुसार चालते, आणि ते कसे चालते याबद्दल वाल्मीकींनी यापेक्षा अधिक काही सांगितलेले नाही. त्याच्यात इंजिन शोधणारे 'फोर्स'मध्ये सूक्ष्मजीव मोजणाऱ्यांसारखीच चूक करतात. आणि सीतेला पंचवटीतून पुष्पकातून नेले, असे आपल्याकडे सर्रास सांगतात, तेही खरे नाही; अरण्यकांडात तो गाढवे जोडलेला मायावी सोनेरी रथ आहे. गाढवांचा रथ सीतेला घेऊन आकाशात उडाला हे ऐकून मुले खळखळून हसतात, पण गाढवे किती वेगाने उडाली हे आजवर एकानेही मला विचारलेले नाही.